दारापुढची फूटभर जागा

पुणे, २ डिसेंबर

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा जपानमधल्या क्योतोहून फोनवर तू म्हणालास, "आई, इथली माणसं फार हिशोबी आहेत. शेजारच्या काकू रोज सकाळी झाडतात, माझ्या दारासमोरची फूटभर जागाही झाडतात आणि बरोब्बर तिथेच थांबतात." तू चिडला होतास. मला मात्र तिथलीच ती अरुंद गल्ली आणि दगडावर फिरणाऱ्या बांबूच्या झाडूचा आवाज आठवला. हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

त्या झाडण्याला क्योतोत 'कादोहाकी' म्हणतात. आपल्या दारापुढचं झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत साधारण एक शाकु, म्हणजे फूटभर, जायचं. हद्दीवरच थांबलं तर तुसडेपणा दिसतो. त्याचं सगळं अंगण झाडून ठेवलं तर तो ओशाळतो, कारण आता उद्या त्याला तुझं सगळं झाडणं भाग आहे. म्हणून फूटभर. शेजारी राहायला आलेल्या परक्या मुलाची त्या काकूंनी रोज सकाळी आठवण ठेवली आणि त्याच्यावर ओझंही टाकलं नाही. राजा, यात हिशोब आहेच, पण तो तुझा जीव अवघडू नये म्हणून केलेला आहे.

मी १९९३ साली तिथे शिकायला गेले तेव्हा ज्या आजींच्या घरी राहायचे, त्या झाडून झालं की दारात पाणी शिंपडायच्या. पहिल्या सकाळी ते ओल्या दगडांचं अंगण पाहिलं आणि मला रडूच आलं. आपल्या वाड्यात तुझी आजी सडा घालायची ना, अगदी तसंच.

त्याच घरात माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. तुला कधी सांगितली नाही. पाहुणी म्हणून ओफुरोत, म्हणजे आंघोळीच्या गरम पाण्याच्या टबात, पहिला मान मला दिला होता. मी साबण लावून सरळ टबात उतरले. त्या घरात पाच माणसं. त्याच पाण्यात एकामागून एक सगळे बसणार होते, कारण अंग बाहेर स्टुलावर बसून घासायचं, धुवायचं आणि टबात फक्त शेकायला उतरायचं असतं. आजींनी मुकाट्याने सगळं पाणी सोडून दिलं आणि पुन्हा टब भरला. त्या रात्री सगळ्यांची झोप लांबली, पण मला कोणी शब्दानं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आजी भरल्या कपड्यांनिशी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसल्या आणि बादलीनं खांद्यावर पाणी घेतल्याचा नुसता अभिनय करून दाखवला. ती माझी खरी जपानीची पहिली शिकवणी. पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात मी क्रियापदं शिकले होते. पाणी आपल्यानंतरच्या माणसासाठी राखायचं असतं हे त्यांनी शिकवलं. या महिन्यात २१-२२ तारखेला सर्वांत लहान दिवस येईल. तेव्हा टबात युझू टाकतात, छोटं पिवळं लिंबासारखं फळ. मिळालं तर आण. त्या वासानं थंडी खरंच सुसह्य होते.

आता शब्दांचं. घराबाहेर पडताना तिथे 'इत्ते किमास' म्हणतात. शब्दशः काय होतं बघ: 'जाऊन येतो'. घरातला माणूस म्हणतो 'इत्तेराश्शाई', म्हणजे 'जाऊन ये'. आपल्याकडेही नुसतं 'जातो' म्हटलं की आजी हटकायची, 'येतो म्हणावं'. इतक्या लांबच्या दोन भाषांना दारातली भीती एकच वाटते, हे मला कळलं तेव्हा मी वही मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते. परत आल्यावर 'तादाइमा', आणि आतून 'ओकाएरी'. तू एकटा राहतोस, आतून उत्तर येणार नाही, तरी गेनकानात, दाराच्या आतल्या त्या जागेत, बूट काढताना 'तादाइमा' म्हणत जा. बुटांची तोंडं दाराकडे करून ठेव. जेवायला बसलास की 'इतादाकिमास', आणि उठताना 'गोचिसोसामा'. या दुसऱ्या शब्दातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव. तुझ्या ताटासाठी ज्यानं धावपळ केली त्याला केलेला तो नमस्कार आहे. दुकानातला डबा आणून एकट्यानं खाल्लास तरी कोणीतरी धावलेलं असतंच.

भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचू नकोस. मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घासही देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी अशाच दोघांनी मिळून काड्यांनी उचलायच्या असतात. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे तर तुला घरातच माहीत आहे. तिथे त्यामागे भगवान बुद्धांच्या निर्वाणाची आठवण आहे. युकाता, म्हणजे तो साधा सुती किमोनो, घालताना डावी बाजू वर घ्यायची. उलट फक्त गेलेल्या माणसाला नेसवतात.

हे लिहिताना आजीची आठवण येणारच. श्रावणात ती गेली, म्हणून यंदा आपण दिवाळीचा फराळ केला नाही, कंदीलही लावला नाही. तिथेही असंच असतं. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला ते घर 'मोचू'त असतं. ते नव्या वर्षाची 'नेंगाजो' पत्रं पाठवत नाहीत, आणि इतरांनी आपल्याला पाठवू नयेत म्हणून आधीच एक साधं कार्ड धाडतात. त्या कार्डावर 'ओमेदेतो', म्हणजे अभिनंदन, हा शब्द नसतो. लोक नेंगाजो डिसेंबरच्या मध्यापासून टपालात टाकतात, म्हणून तुझं कार्ड याच आठवड्यात जायला हवं. तुझ्या प्राध्यापकांना आणि प्रयोगशाळेतल्यांना तर नक्की. टपाल कचेरीत छापील कार्डं मिळतात. 'परदेशी मुलगा आहे, त्याला कशाला' असं स्वतःशी म्हणू नकोस. तुझी आजी गेली हे तिथल्या चार माणसांना त्यांच्या रीतीनं कळावं असं मला फार वाटतं.

आणि ३१ तारखेच्या रात्री चिओन-इनच्या देवळात जा. १६३६ साली ओतलेली जवळजवळ ७० टनांची घंटा आहे. सतरा भिक्षू मिळून दोर ओढतात. त्या रात्री देवळांतून १०८ टोल देतात, आजीच्या माळेचे मणी होते तितकेच. गर्दी फार असते, लवकर जा, मफलर घे. पहिला टोल झाला की तिचं नाव घे.

एक विचारायचं राहिलं. राहायला गेलास तेव्हा शेजाऱ्यांकडे भेट घेऊन गेला होतास का? 'मुको सानगेन र्योदोनारी' म्हणतात, समोरची तीन घरं आणि डावी-उजवीकडचं एकेक. नसशील गेला तर वर्ष संपायच्या आत जा. उशीर झाला म्हणून वाकून क्षमा माग. हातात एखादा टॉवेल किंवा बिस्किटांचा छोटा डबा, छान कागदात गुंडाळलेला. महागाचं नको, परतफेडीची काळजी लावू नये. मी पार्सलमध्ये बेसनाचे लाडू पाठवतेय, पण ते तुला. काकूंना नंतर, ओळख वाढल्यावर दे.

काल पु. ल. देशपांडे उद्यानात गेले होते. ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली ती बाग, तू लहानपणी तिथल्या पुलावरून मासे बघायचास. माळी वाळकी पानं गोळा करत होता. तुझ्या दारापुढे आता मोमिजीची, म्हणजे मेपलची, पानं पडली असतील.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एक झाडू आण. सकाळी जरा लवकर ऊठ, आपलं दार झाड, आणि काकूंच्या बाजूला फूटभर जा. त्याहून जास्त नको.

तुझी,
आई