बाबा, वाडी तेवढी ठेवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही पुण्याला सुखरूप पोचलो. धामणगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस जेमतेम थांबली तेवढ्यात सगळं सामान वर चढलं. बरबटीची (चवळीची) पिशवी, तिळाचा डबा, अंबाडीची बोंडं, सगळं नीट आलं. कोहळ्याची बोंडं मात्र मनमाडच्या आधीच संपली. आई, पुढच्या वेळी तेवढी जास्त तळ.

पत्र लिहितेय, कारण बाबा फोनवर "बरं आहे, बरं आहे" म्हणून फोन लगेच आईकडे देतात आणि मला जे बोलायचंय ते राहून जातं. निघायच्या आदल्या रात्री ओसरीवर बाबा म्हणाले, "माह्याच्यानं आता होत नाही. गुढीपाडव्याला सगळंच मक्त्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकतो, घरामागची वाडीसुद्धा." मी तेव्हा गप्प बसले. गाडीत रात्रभर तेच डोक्यात होतं.

बाबा, वावराचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलंय. यंदा सोयाबीनच्या सोंगणीत मी तुम्हाला पाहिलं. आभाळ भरून आलं तसे तुम्ही गुडघा धरत गंजीवर ताडपत्री ओढायला धावलात. सोयाबीन पिकलं की थांबत नाही. ऊन तापलं की शेंगा तडकतात, पाऊस लागला की शेंगेतच कोंब फुटतात. त्या आठ-दहा दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि मळणी यंत्राला नंबर लावावा लागतो. एवढं करून माल बाजारात नेला, तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे, माती आहे, असं सांगून भाव पाडला. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि तुमच्या हातात काय पडलं ते तुम्हीच बघितलंत. या वयात हा ताण नको. वावर मक्त्यानं द्या. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, कागद मात्र नीट करून घ्या. गावात काय म्हणतील याचा विचार करू नका. एवढी वर्षं तुम्ही वावर पडीक पडू दिलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण वाडी देऊ नका.

घरामागचा तो तुकडा हिशेबात कधीच आला नाही. आपलं ताट मात्र त्यानंच भरलं. कोजागिरीला भुलाबाईसाठी ज्वारीचे पाच धांडे हवे होते, तर सगळ्या पोरी आपल्याच दारात आल्या. अर्ध्या गावात आता ज्वारी उरलेली नाही. सोयाबीन आलं, आणि वर पाखरं नि रानडुकरं, मग ज्वारी पेरणार कोण? आईनं वाडीत दोन ओळी पेरल्या होत्या, त्यातले धांडे सगळ्यांना पुरले. आमची छोटी पहिल्यांदाच भुलाबाईच्या गाण्यांना बसली आणि डब्यातला खाऊ ओळखायला सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. त्याच रात्री आईनं मला पाटावर बसवून ओवाळलं. मोठं लेकरू म्हणून अजूनही ओवाळतेस ना आई, केस पिकायला लागले माझे, तरी. दूध आटेपर्यंत आपण सगळे चांदण्यात बसलो होतो, असं बसणं पुण्यात होत नाही.

आणि तीळ. तो सकाळचा तास मी विसरणार नाही. बाबा, तुम्ही पेंढ्या बांधून धुऱ्यावर एकमेकींच्या आधारानं उभ्या करून ठेवल्या होत्या. बोंडं वरून फाटली की माझ्या मुलाला हाक मारलीत. जुनं लुगडं अंथरलंत, एक पेंढी अलगद उचलून त्याच्या हातात दिलीत आणि सांगितलंत, वाटेत वाकडी करू नको. त्यानं ती लुगड्यावर नेऊन उलटी केली, काठीनं हळूच ठोकली आणि सरसर आवाज करत तीळ खाली पडले. तो एकदम थांबला, पेंढीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, हे आधीपासून आत होतं?" मग दुपारपर्यंत तो तिथून हलला नाही. तुम्हीही खाटेवर बसून होता. गुडघ्याबद्दल एक शब्द काढला नाहीत.

सीताफळांचंही तसंच. डोळे उघडले का ते बघायला दोघं रोज सकाळी झाडाखाली जात. खवल्यांच्या मधली फट पांढरी दिसू लागली की तोडायचं आणि कुटारात (भुशात) दाबून ठेवायचं, हे त्यांना आता माझ्याइतकंच येतं. इथं बाजारात सीताफळ बघितलं की डोळे तपासतात.

वाडीत अंग मोडावं लागत नाही, हे मी नीट बघून सांगतेय. बरबटीच्या वाळक्या शेंगा आई बसून सोलते, वालाच्या शेंगा कुंपणावरून उभ्यानं तोडता येतात, कोहळं आपलं आपण छपरावर चढतं. नांगर-वखराचं आणि फवारणीचं काम माणूस लावून करू. त्याची मजुरी मी आणि धाकटा दादा देतो. दादाशी माझं बोलणं झालंय. त्याला दिवाळीच्या चार दिवसांपलीकडे सुटी मिळाली नाही, याचं त्यालाही वाईट वाटतंय, तो संक्रांतीला येतोय.

आई, तुझ्यासाठी एक वेगळं सांगणं. सीतादहीची पूजा आपण थाटात केली. कापसाच्या पऱ्हाटीला हळद-कुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य झाला आणि पहिला वेचा तूच घेतलास, ते बरोबरच झालं. पण त्यानंतर तू रोज कमरेला ओटी बांधून बायकांबरोबर वेचायला लागलीस. "पोट्टेहो, दव उतरू द्या, मग या" असं मुलांना सांगायचं आणि आपण मात्र ओल्यातच जायचं. कंबर धरून रात्री तू कूस बदलतेस ते मला ऐकू येत होतं. उरलेले वेचे मजुरांकडून होऊ दे. दोन पैसे कमी राहिले तरी चालतील.

बाबा, कापूस घरात ठेवला असेल तर सुकवूनच ठेवा. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असला तरच सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर पूर्ण भाव मिळतो. लांब धाग्याला २०२५-२६ च्या हंगामाचा भाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. त्यासाठीची कपास किसान अ‍ॅपवरची नोंदणी मी तिथं असतानाच केली, तिचा कागद देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे. आणि मागच्यासारखी पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घ्यायची नाही. शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटून टाका, नाहीतर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण चार क्विंटलच्या आशेनं तुमचं मन होतं, म्हणून लिहिलं.

ऑफिसला मी विचारून ठेवलंय. पुढच्या वर्षीही कोजागिरीपासून भाऊबीजेपर्यंत तिथूनच काम करीन. निंबाखाली नेटवर्क येतं, तिथं तो जुना टेबल तेवढा हलवून ठेवा. मुलांची शाळा थोडी बुडते, बुडू दे. त्यांना तुमच्यासोबत राहायला मिळतंय ते मला शाळेपेक्षा कमी वाटत नाही. त्यांना आजी-आजोबा फोनवर दिसणारे नकोत. हातात विळा कसा धरायचा ते दाखवणारे हवेत. मला तर तुम्ही हवेच आहात.

गुडघ्याचा एक्स-रे या महिन्यातच काढून घ्या. दादा आला की अमरावतीला नेईल, त्याला नाही म्हणू नका. मक्त्याचं बोलणं गुढीपाडव्याच्या आधी कोणाशी झालं, तर वाडी सोडून बोला आणि चतुःसीमा लिहिताना तो तुकडा वेगळा दाखवा. कागदावर सही करण्याआधी मला फोटो पाठवा.

तुरीला फूल चांगलं आहे. शेंगा भरल्या की एक पिशवी ओल्या शेंगा दादाबरोबर द्या, इथं सोले मिळतात पण त्यांना चव नाही.

तुमची,
मोठी