पांडाचं सहावं बोट

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, पांडाच्या पुढच्या पंजाला सहा बोटं दिसतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त सहावं ते बोट नाही. खरा अंगठा इतर चार बोटांच्या रांगेतच असतो, त्यांच्यासारखीच नखी घेऊन. जो अंगठा वाटतो तो मनगटातल्या एका हाडाचा उंचवटा आहे. त्याला ना पेरं, ना नखी; वर नुसती जाड गादी.

असली हाडं स्नायूच्या कंडरेत तयार होतात आणि बहुधा तिळाएवढी असतात. शास्त्रीय नाव सेसमॉइड हेही तिळावरूनच पडलंय. आपल्या शरीरातलं सगळ्यात मोठं सेसमॉइड म्हणजे गुडघ्याची वाटी. पांडात मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचं असंच हाड वाढून बाहेर आलंय. करून बघा: अंगठा तर्जनीला चिकटवून ठेवा आणि बाकीची बोटं वळवून पेन तळहाताच्या बुडाशी दाबा. पांडाची पकड साधारण अशीच. हे हाड बोटासारखं स्वतंत्र हलत नाही. पंजा मिटला की बोटं बांबू त्याच्यावर आणून दाबतात, आणि मनगटाच्या दुसऱ्या कडेचं हाडही टेकू देतं. म्हणजे चिमटा दुहेरी.

मग ते आणखी लांब का नाही? कारण याच पंजावर शंभर किलोचं धूड चालतं. चीनच्या युन्नान प्रांतात सापडलेल्या ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजात हे हाड उलट लांब आणि सरळ होतं. आजचं आखूड आणि टोकाशी आत वळलेलं आहे: बांबू आकड्यात अडकतो आणि पाऊल टाकताना हाड मध्ये येत नाही.

आई, एवढं जनावर नुसत्या बांबूवर पोसतं कसं, हा तुझा प्रश्न. खरं सांगायचं तर जेमतेम पोसतं. तोंड बांबूसाठी घडलंय. दाढा रुंद आणि उंचसखल, गालाची हाडं बाहेर फाकलेली, कवटीच्या माथ्यावर जबड्याचे स्नायू धरायला हाडाची उभी कड. तो गोल, गुबगुबीत चेहरा बराचसा त्या स्नायूंचाच आहे, चरबीचा नाही.

पोटात मात्र सगळं मांसाहाऱ्याचं. जठर साधं, एकाच कप्प्याचं. आतडी शरीराच्या लांबीच्या चौपट (गायीची वीसपट तरी). पाला आंबवायला इतर शाकाहाऱ्यांत जो कप्पा असतो, तो इथे नाहीच. म्हणून खाल्लेल्यातला जेमतेम १७ टक्के सुका भाग अंगी लागतो आणि बाकीचा काही तासांत बाहेर पडतो. त्याची भरपाई ढिगाने करावी लागते: बांबूचा कोणता भाग मिळतो त्यावर दिवसाला १२ ते ३८ किलो, आणि त्यासाठी दहा-बारा तास बसून चघळणं. बांबूच्या कुसळांनी आतडं सोलवटू नये म्हणून आतून चिकट श्लेष्माचा थर असतो. तो अधूनमधून गोळ्याने बाहेर टाकला जातो. अशा वेळी पांडा खात नाही, पोट दुखल्यासारखा पडून राहतो.

जमा वाढत नाही म्हटल्यावर खर्चाला कात्री. थायरॉइडचं संप्रेरक फार कमी. मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड शरीराच्या मानाने लहान. रोजची ऊर्जा त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याकडून अपेक्षित असते त्याच्या ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्याला आळशी म्हणणं हा अन्यायच. हिवाळी झोपेपुरती चरबीही साठत नाही, त्यामुळे बर्फातही खात राहायचं.

पिल्लू जन्मतः शंभरेक ग्रॅमचं, आईच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाएवढं, गुलाबी आणि डोळे मिटलेलं. काळा रंग पुढच्या काही दिवसांत उमटू लागतो.

आणि बाबा, एक गंमत राहिली. मागच्या पावलातही त्याच जागेचं हाड थोडं मोठं झालंय. तिथे त्याचा उपयोग काहीही नाही. पुढच्या पायात वाढलं, त्याच ओघात मागचंही वाढलं असावं.

तुमची,
धाकटी