बोअरचा आकडा म्हणजे माप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर ‘घरी भरलेली ३१५ बोअरची काडतुसे जप्त’ अशा मथळ्याची सचित्र बातमी आली होती. तीत शिकारीची रायफल, बारा बोअरची बंदूक आणि ठासणीची बंदूक ही तीन हत्यारे एकमेकांच्या जागी वापरली असून, ‘रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू ठासली जात होती’ एवढ्या एका वाक्यात सारी कृती उरकली आहे. मामांच्या परवानाधारक शस्त्रदुकानात मी बत्तीस वर्षे काढली. शेतसंरक्षणाचा परवाना असलेले कित्येक शेतकरी आपले वाचक आहेत. हे वाक्य वाचून त्यांच्यापैकी एखाद्याला घरातील रिकाम्या पुंगळ्या आठवल्या तर नवल नाही, म्हणून हे पत्र.

आधी बोअरविषयी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातील एका गोळीच्या व्यासाएवढी नळी ती बारा बोअरची. त्यामुळे आकडा वाढला की नळी अरुंद होते. सोळा बोअरची बंदूक बारा बोअरपेक्षा बारीक. रायफलीचा हिशेब निराळा आहे. तेथील आकडा इंचाच्या शतांश वा हजारांश भागांचा, आणि तोही निम्मा मापाचा व निम्मा नावाचा. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटरचे इंचांत केलेले रूपांतर. पण ते नळीतील उंचवट्यांमधले अंतर झाले, प्रत्यक्ष गोळी .३२३ इंचाची असते. अमेरिकेतील .३०-०६ मधला ०६ हा १९०६ सालचा आहे, तर .३०-३० मधला दुसरा तीस हा मूळच्या दारूच्या वजनाचा. दोन आकडे सारखे दिसले म्हणून काडतुसे सारखी असतात असे मुळीच नाही.

साताऱ्याकडील एका वाड्यातून एक गृहस्थ आजोबांची जर्मन रायफल घेऊन दुकानात आले होते. रायफल आठ मिलिमीटरची, आणि त्यांना हवा होता .३१५ चा डबा. ‘आठ म्हणजे आठच ना हो?’ असा त्यांचा सवाल. मामांनी दोन काडतुसे गल्ल्याच्या काचेवर शेजारीशेजारी उभी केली. .३१५ च्या पुंगळीला बुडाशी काठ आणि लांबी ५० मिलिमीटर. त्यांच्या जर्मन माउझर रायफलीची पुंगळी बिनकाठाची आणि ५७ मिलिमीटरची. शिवाय त्या माउझरच्याही दोन जाती, जुन्या जातीची गोळी .३१८ इंचाची आणि नंतरच्या जातीची .३२३ इंचाची. फरक एखाद्या कागदाच्या जाडीहून किंचित अधिक, परंतु रुंद गोळी अरुंद नळीत रेटली गेली की दाब भलताच वाढतो आणि तो नेम धरणाऱ्याच्या गालाशी असलेल्या पोलादावर येतो. नळीचे माप काढून झाल्याखेरीज मामांनी त्यांना एकही काडतूस दिले नाही. गृहस्थ नाराज होऊन गेले.

हा .३१५ आपल्याकडे आला तोच मुळी सरकारच्या संशयामुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिशांनी हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० च्या काडतुसांवर बंदी घातली. लष्कराच्या त्याच मापाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकारीच्या काडतुसातील गोळी उपसून त्या रायफलींसाठी वापरली जाईल, ही भीती. म्हणजे पुनर्भरणाची धास्ती काही आजची नव्हे. विलायतेतील बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे काढून मोठ्या शिकारीची सोय लावली. .३०३ हे तर फौजेचेच काडतूस, म्हणून तेही नको; त्यामुळे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे काडतूस .३१५ या नावाने शिकाऱ्यांच्या हाती आले. पुढे ईशापूरच्या कारखान्यात त्याच्या रायफली बनल्या आणि १८६९ पासून चालू असलेल्या आपल्या खडकीच्या कारखान्यात काडतुसे. बुडावरचा ‘केएफ’ हा शिक्का अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा असेल.

आता भरण्याविषयी. काडतूस उडाले की टोपी (ठोका बसताच पेटून दारूला आग देणारी बुडातील बारीक वाटी), दारू आणि गोळी या तिन्ही गोष्टी संपतात. हाती राहते ती पितळी पुंगळी, आणि तीही पूर्वीची राहत नाही. ती फुगून त्या एका रायफलीच्या घराच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, आकाराची होते, म्हणून तिला पुन्हा साच्यात दाबावे लागते आणि प्रत्येक काडतुसाचा साचा वेगळा. वारंवार दाबल्याने पितळ कडक होते, गळ्याशी चिरते. बुडाजवळ आतून पातळ होते, ते बाहेरून दिसत नाही, वाकवलेली तार आत फिरवली तर टोकाला खाच लागते. काही पुंगळ्यांच्या टोपीखाली मधोमध एक भोक असते, काहींच्या दोन. दोन भोकांच्या असल्या तर जुनी टोपी काढतानाच निम्मे लोक कंटाळतात. (एक भोकाची रीत एका इंग्रजाची आणि ती रुजली अमेरिकेत, दोन भोकांची एका अमेरिकनाची आणि ती युरोपने उचलली!) एनसीसीत आपण सर्वांनी झाडलेल्या .२२ च्या काडतुसाला तर वेगळी टोपीच नसते. पेटणारे द्रव्य काठाच्या पोकळीत असते आणि घोड्याने काठ चेपला की ती पुंगळी भंगारात जमा.

हा छंद खरा पाहावा अमेरिकेत, जेथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. टेक्सासमधील माझा भाचा हरणांच्या हंगामासाठी .३०८ आणि .३०-०६ या दोन्हींची काडतुसे भरतो. दोन्हींना गोळी एकाच व्यासाची चालते, पण पुंगळी एकीची ५१ मिलिमीटर, दुसरीची ६३; दारूचे प्रमाणही वेगळे, आणि ते तो दर वेळी छापील पुस्तकातच पाहतो. त्याच्या टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असतो. मी बोलू लागलो तेव्हा त्याने हातातले काम थांबवले आणि माझे बोलणे संपल्यावर, कोणत्या पुंगळीत दारू पडली याची चूक नको म्हणून, त्या ओळीतील सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. ‘रिकाम्या पुंगळ्यांत दारू ठासणे’ या शब्दांत यातले काही येत नाही.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंतही, शिक्षा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. रानडुक्कर पिकात आले तरी त्याला मारायची परवानगी वनखात्याकडून लागते, ती वेगळीच. हे तपशील बातमीत दोन ओळींत बसले असते.

राहिला प्रश्न छायाचित्राचा. त्यातील पुंगळ्या लाल प्लॅस्टिकच्या, पितळी बुडाच्या आणि तोंडाशी घडी घातलेल्या आहेत. त्या बारा बोअरच्या, छऱ्यांच्या आहेत, त्यांत .३१५ ची एकही नाही. तरी याचे शुद्धिपत्र त्याच पानावर छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शस्त्रविक्रेता, पुणे