फराळाच्या पाकिटावर काय लिहायचं

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीआधी इथल्या मेळ्यात फराळाचा स्टॉल लावणार म्हटल्यापासून बाबांना घोर लागलाय, आणि घरच्या चकलीला सरकारी कागद कशाला हे आईला पटत नाही. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितोय.

बाबा, आधी तुमचं. इंग्लंडमध्ये घरी केलेले पदार्थ विकायचे तर विक्रीच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नाव नोंदवावं लागतं. त्याला फी नाही, आणि नोंदणी कुणाला नाकारताही येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला कधीमधी डबा करून नेला तर याची गरज नसते. नियमितपणे विकायला बसलं की मात्र लागते, आणि नोंदणीशिवाय विकणं हा गुन्हा आहे. मी लेस्टरच्या कौन्सिलकडे अर्ज भरला. मग एक अधिकारी बाई घरी येऊन गेल्या. हात धुवायला गरम पाणी आहे का, फ्रीज किती थंड, पिठं कशात ठेवता, तळलेल्या चकल्या कुठे निवत ठेवता, सगळं विचारलं. अगदी शांतपणे, कुठेही अडवणूक नाही. त्यावरून ० ते ५ मध्ये गुण मिळतात. मेळ्याचे आयोजक तेच आधी विचारतात, शिवाय विम्याचा कागदही मागतात. वर्षाची एकूण विक्री १,००० पौंडांच्या आत असली तर करखात्याकडेही सहसा जावं लागत नाही. बटाटेवडे मुद्दाम घेतले नाहीत. गरम विकायचं तर ६३ अंशांच्या वर राखावं लागतं, ते मला एकट्याला जमणार नाही. कोरडा फराळच बरा.

आई, आता तुझा प्रश्न. २०१६ साली नताशा एडनान-लापेरूझ नावाची १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेलं सँडविच खाऊन दगावली. तिला तिळाची ॲलर्जी होती. तीळ पावाच्या पिठातच मळलेले होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून कायदा आला. मी घरी भरून स्टॉलवर विकणार ती पाकिटंही त्यात येतात. प्रत्येकावर पदार्थाचं नाव आणि सगळे घटक लिहायचे, आणि ॲलर्जीच्या ठरलेल्या १४ गोष्टींपैकी जे असेल ते ठळक अक्षरात.

आपला फराळ या यादीशी ताडून बघ. चकलीत तीळ. चिवड्यात शेंगदाणे, काजू आणि फोडणीची मोहरी. बेसनाच्या लाडवात तूप म्हणजे दूध, आणि बेदाण्यांना गंधकाची धुरी दिलेली असेल तर तेही. खोबरं या यादीत नाही. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हिंग. आपल्या भाजणीत गव्हाचा कणही नसतो, पण बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेल्या, हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात बऱ्याचदा गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं. गहू न चालणाऱ्या माणसाने आपली चकली तांदूळ-डाळीची म्हणून विश्वासाने घेतली तर? तू पंगतीत वाढताना कुणाला काय चालत नाही हे विचारतेस. स्टॉलवर येणारा माणूस मला अनोळखी, त्याच्या आजाराची मला कल्पना नाही. म्हणून हे लेबल मला मनापासून करायचंय.

तुझी भाजणी मात्र विक्रीला वापरणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. कुठला माल कुठून घेतला याची नोंद दाखवता यायला हवी, म्हणून धान्य इथेच घेऊन भाजतो. तू पाठवलेली घरी खाऊ. तुझ्या बचत गटातल्या बायकांनाही सांग, आपल्याकडेही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली जत्रेतल्या तात्पुरत्या स्टॉलला नोंदणी लागते, तिचा १४ अंकी क्रमांक मिळतो.

एक काम आहे. लेबलवर घटक वजनाने जास्त ते कमी अशा क्रमाने लिहावे लागतात, आणि तुझं सगळं अंदाजाने. या वेळची भाजणी करशील तेव्हा तांदूळ, डाळी, धने, जिरे काट्यावर घालून प्रत्येकाचे ग्रॅम बाबांना वहीत लिहायला लाव. मोहनाचं तेल, तीळ आणि हिंगसुद्धा. वहीच्या पानाचा फोटो पाठवा.

तुमचा मुलगा