लग्नातील फिल्मची छायाचित्रे आणि निगेटिव्हचा हक्क

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लग्नाच्या छायाचित्रणाविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. फिल्म कॅमेऱ्याकडे पुन्हा वळणाऱ्यांना जुन्या रंगांची हौस आहे आणि ती फोनमधल्या एखाद्या फिल्टरनेही भागते, असे लेखकाचे मत आहे. रंगापुरते ते मला मान्य आहे. मात्र गेली अनेक वर्षे मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलहून मोठ्या आकाराच्या फिल्मवर लग्नाची आणि व्यक्तिचित्रांची कामे करत असल्यामुळे या विषयातील दोन-तीन गोष्टी वाचकांसमोर, विशेषतः अशी छायाचित्रे काढून घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसमोर, याव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट आकाराची. आपल्या ओळखीच्या ३५ मिलिमीटर रोलवरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. १९०१ पासून चालत आलेल्या १२० नंबरच्या रोलवर ‘सहा बाय सहा’ सेंटिमीटरची म्हणतात ती चौकोनी फ्रेम घेतली, तर तिची प्रत्यक्ष बाजू सुमारे ५६ मिलिमीटर भरते, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक होते. मोठी प्रत काढताना एवढी निगेटिव्ह कमी ताणावी लागते, त्यामुळे फिल्मचा दाणा (चित्रातला बारीक खरखरीतपणा) डोळ्यांत भरत नाही आणि गालावरचा प्रकाश सावलीकडे सरकताना मधल्या सगळ्या छटा टिकून राहतात. शिवाय लहान फ्रेमला जिथे ५० मिलिमीटरची लेन्स पुरते, तिथे इथे ८० मिलिमीटरची लागते. साहजिकच डोळे रेखीव असताना कानापासूनच चित्र मऊ होऊ लागते आणि पाठीमागची गर्दी विरून जाते. हे सारे लेन्समधून फिल्मवर उतरतानाच घडते, ते नंतर वरून चढवता येत नाही.

दुसरी गोष्ट समोरच्या माणसाची. हॅसलब्लाडसारखा कॅमेरा छातीशी धरून मान खाली घालून पाहायचे असते. वरच्या घासलेल्या काचेवर चित्र दिसते, पण डावे-उजवे उलटे, त्यामुळे चौकट जुळवायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात समोरच्या माणसावर कोणाची नजर रोखलेली नसते. मी अनेकदा पाहिले आहे की आधी खांदे आवळून बसलेली आजी याच वेळात सैल होते, पदर सारखा करते, नातवाचा हात हातात घेते. शटर दाबले की आरसा वर जातो आणि पुढची फ्रेम ओढेपर्यंत काच काळी राहते. म्हणून त्या क्षणी मी मान वर करून थेट त्यांच्याकडे पाहते. पापणी मिटली का, हे मला डोळ्यांनीच टिपावे लागते. असे झालेले व्यक्तिचित्र आणि सेकंदाला दहा फ्रेम घेऊन नंतर निवडलेले व्यक्तिचित्र यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो, असे माझे ठाम मत आहे.

भर दुपारच्या उन्हात तर या कॅमेऱ्यांचा मोठा आधार असतो. १९५७ मध्ये आलेल्या हॅसलब्लाड ५०० सी मध्ये शटर लेन्सच्या आतच आहे, त्यामुळे १/५०० सेकंदापर्यंतच्या प्रत्येक वेगाला फ्लॅश जुळतो आणि डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या हलक्या हाताने भरता येतात. (नावातले ‘५००’ याच वेगावरून आले आहे.)

इतके सांगितल्यावर मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. एका रोलवर बाराच फ्रेम मिळतात. ‘सहा बाय सात’च्या कॅमेऱ्यात दहाच. सभागृहातील साध्या दिव्यांत प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील अशी ४०० आयएसओची फिल्म आणि भरपूर प्रकाश आत घेणारी एफ २.८ ची लेन्स असूनही शटर अनेकदा १/३० सेकंदावर उतरते, आणि मग हातात धरून काढलेल्या चित्रात हालचाल फराटल्यासारखी येते. म्हणून संपूर्ण सोहळा फक्त फिल्मवर करून देतो, असे कोणी सांगत असेल तर त्याला नीट प्रश्न विचारावेत. मी स्वतः सोहळा डिजिटलवर घेते आणि वधू-वरांची, आई-वडिलांची, घरातील वडीलधाऱ्यांची व्यक्तिचित्रे तेवढी फिल्मवर ठेवते. साहित्याचाही भरवसा राहिलेला नाही: लग्नाच्या छायाचित्रकारांचा आवडता कॉन्टॅक्स ६४५ कॅमेरा कधीच बंद झाला आणि आता त्याचे सुटे भाग मिळवणे अवघड आहे, फुजीची प्रो ४०० एच ही फिल्मसुद्धा २०२१ मध्ये बंद झाली.

एका लग्नाचे सर्व रोल मी एकाच दिवशी एकाच लॅबमध्ये धुवायला टाकले होते. यंत्रात बिघाड झाला आणि त्यांतले दोन रोल अडकून वाया गेले. लॅबने माझी क्षमा मागितली, पण त्या मुलीच्या आजोबांचे चित्र त्या दोन रोलांपैकी एकावर होते आणि ते परत काढणे शक्य नव्हते, कारण तोवर आजोबा राहिले नव्हते. तिला ते सांगायला गेले तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या माणसाचे चित्र मी दोन मॅगझिनमध्ये (कॅमेऱ्याला मागून जोडायच्या फिल्मच्या डब्यांत), म्हणजे दोन वेगळ्या रोलांवर घेते, आणि दोन्ही रोल वेगवेगळ्या खेपेला धुवायला पाठवते. पहिली खेप सुखरूप हातात आल्याशिवाय दुसरी जात नाही.

आता माझी मुख्य विनंती. फिल्मवर काम ठरवताना किती फ्रेम मिळणार, कोणाची चित्रे फिल्मवर असणार, ती कधी दिसणार आणि निगेटिव्ह कोणाकडे राहणार, हे चारही मुद्दे कुटुंबांनी आधी लिहून घ्यावेत. शेवटचा मुद्दा सहसा कोणीच विचारत नाही. स्कॅन केलेल्या फाइल मिळाल्या की काम संपले असे सगळे धरून चालतात, आणि न नेलेली निगेटिव्ह काही लॅब ठरावीक मुदतीनंतर टाकूनही देतात. वास्तविक अधिक चांगल्या स्कॅनरवर पुन्हा स्कॅन करायचे असो किंवा डार्करूममध्ये प्रत काढायची असो, मूळ वस्तू तीच आहे. योग्य पाकिटात, ओल आणि उष्णता यांपासून दूर ठेवली तर ती नातवंडांच्या हाती देता येते. छायाचित्रकारांनीही ती मागितली जाण्याची वाट न पाहता स्कॅनबरोबरच सुपूर्द करावी.

या बाबतीत माझ्याकडूनही हयगय झालेली आहे. माझ्या कपाटात अजून कितीतरी कुटुंबांच्या निगेटिव्ह पडून आहेत. त्या घेऊन जाव्यात, असे कळवणारी पत्रे मी या महिन्यापासून त्यांना पाठवू लागले आहे.

आपली नम्र,
एक छायाचित्रकार