कॅप्टन सामंतांचे नाव आपल्या मुलांना कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर आला की वृत्तपत्रांतून १९७१ च्या युद्धाच्या आठवणी येऊ लागतात. कराचीवर क्षेपणास्त्र नौकांनी केलेला हल्ला, बुडालेली युद्धनौका ‘खुकरी’ आणि तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, ढाक्यातील शरणागती. हे सगळे दरवर्षी यायलाच हवे. पण त्याच युद्धात महावीर चक्र मिळवलेले नौदलाचे कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांच्याविषयी चार ओळी वाचायला मिळणेही दुर्मीळ झाले आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हाही आपल्याकडे फारशी हळहळ ऐकू आली नाही. याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हे पत्र.

सामंत मूळचे पाणबुडीवाले. भारताने सोव्हिएत संघाकडून पहिल्या पाणबुड्या घेतल्या, त्यांपैकी ‘करंज’ ही सप्टेंबर १९६९ मध्ये रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, ती सामंत यांच्या नेतृत्वाखाली. नौदलाच्या चाकोरीतली पुढची पायरी सरळ दिसत होती. पण १९७१ च्या वसंतात पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल आरंभली आणि हजारो मैलांवर फ्रान्समधील तुलाँ बंदरात ‘मँग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवर प्रशिक्षण घेत असलेले आठ बंगाली नौसैनिक निसटले. माद्रिदमार्गे ते भारतात पोहोचले. त्यांना हाताशी धरून काय करता येईल, याचा विचार नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा आणि गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांनी केला आणि ही जबाबदारी तेव्हा कमांडर असलेल्या सामंत यांच्यावर सोपवली.

मग जे उभे राहिले ते पश्चिम बंगालमध्ये, भागीरथीच्या काठी, पलाशीला. १७५७ च्या लढाईचे तेच पलाशी. निर्वासितांच्या आणि मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली स्वयंसेवकांच्या, छावण्यांतून पोहणारी मुले निवडली गेली. शेतकऱ्यांची पोरे, विद्यार्थी. बंदूक कधी हातात न धरलेली, पण नदीकाठी वाढलेली. लेफ्टनंट कमांडर मार्टिस आणि नौदलाचे पाणबुडे त्यांना शिकवत. पोटाला विटा बांधून तासन् तास, रात्री-अपरात्री, प्रवाहाविरुद्धही पोहायचे. हळूहळू चारशेहून अधिक मुले तयार झाली.

त्यांचे शस्त्र कोणते होते ते जरूर पाहावे. लिंपेट सुरुंग म्हणजे लोहचुंबकाने जहाजाच्या बुडाला चिकटणारा स्फोटक डबा. तो गमछाने छातीला बांधायचा, पायात पोहण्याचे पंख, कमरेला सुरी, अंगावर चड्डी, बस्स. सुरुंगाच्या तोंडाशी पाण्यात विरघळणारे बूच असे. ते विरघळले की स्फोट. पण पोहत लक्ष्यापर्यंत जाईतोच ते विरघळले तर पोहणाराच जायचा. म्हणून त्यावर कंडोम चढवायचा आणि सुरुंग जहाजाला लावला की तो ओढून काढायचा. चिखलाळ पाण्यात, काळोखात, वर पहारेकऱ्यांचे दिवे फिरत असताना बोटांनी चाचपून करायचे हे काम. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी ते केले.

१५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही ठिकाणी जवळपास एकाच वेळी स्फोट झाले. हल्ल्याचा इशारा आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून वाजलेल्या ठरावीक गाण्यांनी दिला होता. पाकिस्तानी लष्कराची रसद समुद्रमार्गाने येत होती आणि ती बंदरे सुरक्षित नाहीत, हे त्या एका रात्रीत जगाला कळले. चितगावात ‘अल अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ या मोठ्या जहाजांना जलसमाधी मिळाली. उघड युद्ध सुरू व्हायला अजून साडेतीन महिने होते!

पाण्यात सामंत नव्हते. होती ती मुले. कुठल्या रात्री, कुठल्या भरती-ओहोटीला, कोणत्या वाटेने त्यांना आत सोडायचे आणि परत कसे आणायचे, हा भार सामंतांनी वाहिला. विशेष कारवायांतील अधिकारी म्हटले की आपल्यासमोर दोरावरून उतरणारा, तोंडाला काळे फासलेला जवान येतो. तो असतोच. पण त्याच्यामागे महिनोन् महिने दुसऱ्याला शिकवणारा, दुसऱ्याच्या जिवाची काळजी करत बसणारा एक अधिकारी असतो. माझ्या मते सामंतांच्या कारकिर्दीतला हा काळ महावीर चक्राच्या तोलाचा आहे आणि नेमक्या त्याच काळाबद्दल मानपत्रात अवाक्षर नाही. कारण सरकारने ही मोहीम तेव्हा मान्यच केलेली नव्हती.

मानपत्र आहे ते डिसेंबरचे. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मुक्तिवाहिनीच्या तोफनौका, नौदलाची ‘पनवेल’ आणि सीमा सुरक्षा दलाची एक बोट असा चार बोटींचा ताफा घेऊन सामंत सुंदरबनातल्या अनोळखी खाड्यांतून मोंगल्यावर चालून गेले. शत्रू गाफील सापडला. तिथून १० डिसेंबरला ते खुलन्याकडे निघाले. दुपारच्या सुमारास आपलीच लढाऊ विमाने वर आली. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती, तरी त्यांनी हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ पेटल्या आणि बुडाल्या. ‘पलाश’च्या इंजिनखोलीतले रुहुल अमीन जहाज सोडायला तयार झाले नाहीत, बांगलादेशाने पुढे त्यांना ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला. ‘पद्मा’वरचे आपले लीडिंग सीमन चिमण सिंह जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागले, तेही महावीर चक्राचे मानकरी. सामंत ‘पनवेल’वर होते. काठावरून गोळ्या येत असताना त्यांनी बोट मागे न घेता पाण्यातली माणसे उचलली आणि नंतर पुन्हा हल्ला चढवला. ‘पनवेल’चे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा यांनाही महावीर चक्र मिळाले. आपल्या रायगड जिल्ह्यातील गावाचे नाव लावणाऱ्या त्या छोट्या बोटीची हकीकत खुद्द पनवेलकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

युद्धानंतर सामंत बांगलादेशाच्या नौदलाची घडी बसवण्याच्या कामातही होते. आपल्या नौदलाची सागरी कमांडो तुकडी, म्हणजेच ‘मार्कोस’, फेब्रुवारी १९८७ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी श्रीलंकेतील जाफन्याची गुरुनगर जेट्टी उद्ध्वस्त करणारे लेफ्टनंट अरविंद सिंह महावीर चक्र घेऊन आले. २६/११ ला ताजमध्ये शिरलेल्या ‘मार्कोस’चे झाकलेले चेहरे मुंबईकर विसरलेले नाहीत. आज सेवेत असलेल्यांची नावे गुप्त राहावीत, यात दुमत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या मोहिमेवर आता पडदा कशासाठी?

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी खुली करण्याचे आणि मोहिमांचे इतिहास लिहून काढण्याचे धोरण जाहीर केले. त्यानुसार पलाशी छावणीचे आणि तिथल्या प्रशिक्षकांचे सर्व अभिलेख अभ्यासकांना मिळायला हवेत. घाई करण्याचे कारणही आहे. १९७१ साली विशीत असलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. तिकडे बांगलादेशात ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर मुक्तिसंग्रामाच्या स्मृतीवरच वाद सुरू आहेत. शेख मुजीब यांचे धानमंडीतले घर फेब्रुवारी २०२५ मध्ये जमावाने पाडले. तिथली आठवण पुसट झाली तर निदान इथे तरी ती लिहून ठेवलेली असावी.

राज्य सरकारला आणि आपल्या वृत्तपत्रालाही माझी विनंती आहे. पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाने १९७१ च्या नौदल मोहिमांत भाग घेतलेल्या महाराष्ट्रातील हयात माजी सैनिकांच्या मुलाखती मराठीत ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. बालभारतीने आठवी-नववीच्या पुस्तकात सामंतांवर एक पाठ द्यावा, त्यात रुहुल अमीन आणि चिमण सिंह यांचीही नावे असावीत. आणि आपण येत्या नौदल दिनाच्या पुरवणीत एक पान या मोहिमेला द्यावे.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली