काका, तुमच्या लाल रेघांबद्दल

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, कामाचं बोल" म्हणून विषय तोडता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता तुम्हाला तोडता येणार नाही.

२०१० चा द्राक्षहंगाम तुम्हाला आठवतोच. युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला, कंटेनर बंदरांत अडकले आणि निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं. मी तेव्हा नाशिकच्या अंबडमधल्या एका लॅबमध्ये केमिस्ट होते. बी.एस्सी. झालेली, पांढरा कोट, कामाशी काम. जनसंपर्क हा शब्द मी फक्त सरकारी जाहिरातींखाली वाचलेला.

लॅबचा फोन दिवसभर वाजायचा, आणि कोणी काही बोलायचं नाही असं वरून बजावलं होतं. पण घरी पिंपळगावला गेले की दादांना, म्हणजे वडिलांना, कसं गप्प करणार? आमचीही दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग. ते एकच विचारायचे, "लिहोसिन मारलं ते खरडछाटणीनंतर. द्राक्षात आलं कुठून?" लिहोसिन म्हणजे तेच क्लोरमेक्वाट, आणि खरडछाटणी म्हणजे फळ निघाल्यावरची उन्हाळी छाटणी. तेव्हा मी चुलीपुढे बसून त्यांना समजावलं. ते वेलीत साठून राहतं आणि पुढच्या फळात उतरतं. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आईच्या मिसळणाच्या डब्यातला मोहरीचा एक बारीक दाणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. हा साधारण दोन मिलिग्रॅमचा. वीस-वीस किलोचे दोन क्रेट भरले, तर त्या सगळ्या द्राक्षांत मिळून एवढंच चालतं. दादा बराच वेळ त्या दाण्याकडे बघत होते.

तेच मी दीड पानात लिहून काढलं, गावच्या बैठकीत वाचायला. त्या बैठकीला तुम्ही आला होतात, निर्यातदारांची प्रेसनोट करून द्यायला. माझा कागद तुम्ही उभ्याउभ्या वाचलात, खिशातून लाल पेन काढलंत आणि पहिल्या अकरा ओळींवर सरळ रेघ मारलीत. शेवटून दुसरं वाक्य, "ज्यांनी हे औषध वापरलं आहे त्यांनी माल तपासल्याशिवाय पाठवू नये", बाण काढून सगळ्यात वर नेलंत. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. मग म्हणालात, "मोहरीला हात लावलेला नाही. शनिवारी ऑफिसला ये."

किती शनिवार आले, त्याचा हिशोब नाही. गंगापूर रोडवरची ती वरच्या मजल्यावरची खोली, कात्रणांच्या फायली, शाईचा वास. तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढलेला माणूस मला बातमीचा पहिला परिच्छेद शिकवत होता. अमेरिकेतल्या जनसंपर्काच्या आद्य जाणकारांपैकी एक, आयव्ही ली यांची गोष्ट तुम्ही तिथेच सांगितलीत. १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले. अपघात झाकण्याऐवजी त्यांनी रेल्वे कंपनीतर्फे स्वतःच पत्रकारांना निवेदन दिलं आणि त्यांना जागेवर नेलं. लॅबमध्ये फोन न उचलता बसलेली मी, ती गोष्ट ऐकून त्या रात्री झोपले नाही.

पण खरे आभार मानायचे आहेत ते एका दुपारचे. मी लॅब सोडून जनसंपर्काच्या कामात यायचं ठरवलं तेव्हा दादा भडकले. "बांधलेला पगार टाकून लोकांना हारतुरे द्यायला निघाली!" त्यांचंही चुकत नव्हतं; बाहेरून हे काम तसंच दिसतं. तुम्ही मला न सांगता नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून एसटी पकडून पिंपळगावला गेलात. आई सांगते, तुम्ही माझं एका शब्दानेही कौतुक केलं नाहीत. बागेत फेरी मारलीत, पॅकिंगच्या शेडमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून चहा घेतलात आणि दादांना विचारलंत, "त्या वर्षी तुम्हाला नीट समजावून कोणी सांगितलं?" दादा म्हणाले, "पोरीने." तुम्ही म्हणालात, "तेच काम आहे." आणि चारच्या गाडीने परत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २०१५ च्या सिंहस्थात मी एका रुग्णालयासाठी पहिली स्वतंत्र प्रेसनोट केली. वरिष्ठांना पाहुण्यांची नावं आधी हवी होती. मी उपचार केंद्र कुठे, किती वाजेपर्यंत उघडं आणि फोन कुठे करायचा, हे वर ठेवलं आणि त्यावर अडून बसले. एवढं अडून बसायचं बळ माझ्यात कुठून आलं, हे मला पक्कं माहीत आहे.

फळासाठीची गोडी छाटणी वेळेवर झाली आहे. दादांनी पहिली पेटी तुमच्या नावाने बाजूला काढायचं आत्ताच ठरवलंय. तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडून फेब्रुवारीत मी स्वतः घेऊन येते. काकूंना नमस्कार.

आपली,
शनिवारची विद्यार्थिनी